भागीदारी पत्र लिहिताना: छोट्या व्यवसायासाठी कलमवार विचार

छोट्या व्यवसायांची बहुतेक भागीदारी पत्रे टायपिस्टच्या संगणकात आधीपासून तयार असलेल्या एखाद्या मसुद्यातून निघतात. नावे, पत्ते आणि टक्केवारी बदलली जाते, स्टॅम्पपेपरवर छपाई होते, आणि सह्या होऊन कागद बँकेच्या फाइलमध्ये जाऊन बसतो. अशा मसुद्याच्या शेवटी एक वाक्य हमखास असते: ‘या पत्रात नमूद न केलेल्या सर्व बाबी भारतीय भागीदारी अधिनियम, १९३२ मधील तरतुदींप्रमाणे राहतील.’ सही करणाऱ्यांपैकी क्वचितच कोणी त्या तरतुदी वाचलेल्या असतात. माझ्या मते मसुदा लिहायला घेण्यापूर्वी याच वाक्यापासून सुरुवात करावी, कारण तुमचा करारनामा जिथे गप्प बसतो तिथे १९३२ चा कायदा बोलतो, आणि तो जे बोलतो ते पुष्कळदा दोन्ही भागीदारांपैकी कोणाच्याच मनात नसते.

कायद्याने आधीच लिहून ठेवलेला हा ‘मूक करारनामा’ थोडक्यात असा आहे. कलम १२ प्रमाणे प्रत्येक भागीदाराला व्यवसायात भाग घेण्याचा आणि हिशेबाची वही पाहण्याचा हक्क असतो. दैनंदिन बाबींवरील मतभेद बहुमताने सुटतात, मात्र व्यवसायाचे स्वरूप बदलायचे असेल तर सर्वांची संमती लागते. कलम १३ प्रमाणे कामाबद्दल कोणाही भागीदाराला पगार मिळत नाही, नफा आणि तोटा सर्वांमध्ये सारखा वाटला जातो, आणि भांडवलावर व्याज ठरलेले असले तरी ते केवळ नफ्यातूनच देय असते. भांडवलाच्या वर एखाद्याने फर्मला उसने दिले तर त्यावर द.सा.द.शे. ६ व्याज मिळते. मुदत किंवा भागीदारी संपवण्याची रीत ठरवलेली नसेल, तर ती कलम ७ प्रमाणे इच्छाधीन भागीदारी ठरते, आणि कलम ४३ प्रमाणे कोणीही एक भागीदार इतरांना लेखी नोटीस देऊन ती मोडू शकतो. भागीदाराच्या मृत्यूने फर्म विसर्जित होते, असे कलम ४२ सांगते. यांतील बहुतेक नियम ‘भागीदारांमधील करारास अधीन राहून’ लागू होतात, म्हणजे ते बदलण्याची मुभा आहे. मसुदा लिहिणे म्हणजे यांतला कोणता नियम आपल्याला मान्य आहे आणि कोणता बदलायचा, हे एकेक करून ठरवणे होय.

हे नुसते वाचून पटत नाही, म्हणून एक उदाहरण धरून चालू. कोल्हापुरातल्या दोन जावा कांदा-लसूण मसाला आणि चटण्या करून, पाकिटे भरून विकण्याचा व्यवसाय सुरू करीत आहेत. थोरली शिक्षिका आहे, नोकरी सोडणार नाही, मात्र ८ लाख रुपये घालणार आहे. धाकटी २ लाख रुपये घालणार आहे, पण मिरची निवडण्यापासून दुकानदारांकडून उधारी वसूल करण्यापर्यंत सगळे काम तिच्या अंगावर आहे, आणि मसाल्याचे प्रमाणही तिचेच आहे. जागा सासूबाईंच्या नावे असलेल्या घराचा तळमजला. ‘घरातल्या घरात कागद कशाला?’ असे कोणीतरी म्हणणारच. कागद केला नाही, तरी व्यवसाय मिळून चालवण्याचे आणि नफा वाटून घेण्याचे ठरले की कलम ४ प्रमाणे भागीदारी अस्तित्वात येतेच. फक्त तिच्या अटी मग या दोघींच्या राहत नाहीत, कायद्याच्या असतात.

आधी पैसा, आणि त्यातही आधी तोटा

नफ्याची टक्केवारी सगळेच लिहितात. तोट्याचे काय, हा प्रश्न शुभारंभाच्या वेळी अशुभ वाटतो म्हणून टाळला जातो. वरील उदाहरणात दोघींनी ‘नफा-तोटा निम्मा निम्मा’ असे लिहिले, आणि दोन वर्षांनी धंदा बंद करताना सर्व देणी फेडून ४ लाख रुपये उरले असे समजा. एकूण भांडवल १० लाख होते, म्हणजे तोटा ६ लाखांचा, प्रत्येकीच्या वाट्याला ३ लाख. थोरलीच्या ८ लाखांतून ३ वजा जाऊन तिला ५ लाख मिळायला हवेत. धाकटीच्या २ लाखांतून ३ वजा होत नाहीत, म्हणून कलम ४८ च्या रीतीने तिने घरातून आणखी १ लाख आणून भरायचा. दोन वर्षे राबून वर लाख रुपये भरण्याची वेळ आपल्यावर येऊ शकते, हे सही करताना तिला कोणी सांगितलेले नसते. तोटा भांडवलाच्या प्रमाणात, म्हणजे ८०:२० असा ठरवला असता तर थोरलीला ३ लाख २० हजार आणि धाकटीला ८० हजार परत मिळाले असते. दोन्ही पद्धती कायदेशीर आहेत. कोणती न्याय्य ते त्या दोघींनी ठरवावे, पण हे गणित कागदावर मांडून, दोघींनी पाहून, मगच कलम लिहावे. नफ्याचे आणि तोट्याचे प्रमाण वेगवेगळे ठेवण्यासही हरकत नाही.

भांडवलाच्या कलमात प्रत्येकीने किती रक्कम, कोणत्या तारखेपर्यंत, कोणत्या मार्गाने आणायची हे लिहावे. पैसे फर्मच्या बँक खात्यातच जमा व्हावेत. थोरलीने परस्पर कांडप यंत्रवाल्याला दिलेली आगाऊ रक्कम भांडवलात धरायची का, हा वाद मी एकाहून अधिक ठिकाणी पाहिला आहे. पुढे आणखी पैसा लागला तर तो भांडवल म्हणून येईल की कर्ज म्हणून, आणि एकीने आणला व दुसरीला आणता आला नाही तर नफ्याचे प्रमाण बदलेल का, हेही आताच ठरवावे. मसाल्याच्या धंद्यात वर्षभराची मिरची उन्हाळ्याच्या तोंडावर भरून ठेवावी लागते, त्यामुळे हा प्रश्न पहिल्याच वर्षी उभा राहणार आहे.

आता पगार आणि व्याज. करारनामा मुका राहिला तर थोरलीच्या चौपट भांडवलाला व्याज नाही आणि धाकटीच्या बारा तासांच्या कामाला पगार नाही. पहिल्या वर्षी ३ लाख नफा झाला तर दीड-दीड लाख, आणि दोघींनाही आपणच फसलो असे वाटते. यावरचा सरळ उपाय असा की भांडवलावर व्याज द्यावे, काम करणाऱ्या भागीदारास मेहनताना द्यावा, आणि जे उरेल ते नफा म्हणून वाटावे. इथे प्राप्तिकर कायदा मध्ये येतो. फर्मला आपल्या उत्पन्नातून भागीदारांचे व्याज आणि मेहनताना वजा करून हवा असेल, तर भागीदारी पत्रात तशी तरतूद असावी लागते. व्याज द.सा.द.शे. १२ पर्यंतच वजा होते, आणि मेहनताना फक्त प्रत्यक्ष काम करणाऱ्या भागीदाराचा. २०२४ च्या दुरुस्तीनंतर मेहनतान्याची मर्यादा अशी आहे: पुस्तकी नफ्याच्या, म्हणजे मेहनताना वजा करण्यापूर्वीच्या हिशेबी नफ्याच्या, पहिल्या ६ लाखांवर ३ लाख रुपये किंवा नफ्याच्या ९० टक्के यांपैकी जी रक्कम जास्त असेल ती, आणि त्यावरील नफ्याच्या ६० टक्के. म्हणजे पुस्तकी नफा १० लाख असेल तर ५ लाख ४० हजार अधिक २ लाख ४० हजार, एकूण ७ लाख ८० हजारांपर्यंत.

‘मेहनताना भागीदार परस्पर संमतीने वेळोवेळी ठरवतील’ एवढेच लिहिलेले मसुदे अजूनही फिरतात. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने १९९६ मध्येच परिपत्रक काढून सांगितले आहे की पत्रात रक्कम तरी असली पाहिजे, नाहीतर ती काढण्याची रीत तरी. म्हणून कलम असे लिहावे:

‘भागीदार क्र. २ या व्यवसायात पूर्णवेळ काम करतील. त्यांना दरमहा रु. १५,००० इतका मेहनताना देय राहील. तथापि, कोणत्याही आर्थिक वर्षातील एकूण मेहनताना त्या वर्षी लागू असलेल्या प्राप्तिकर कायद्यानुसार अनुज्ञेय असलेल्या कमाल रकमेपेक्षा अधिक होणार नाही. भागीदार क्र. १ या व्यवसायात पूर्णवेळ काम करणार नसल्याने त्यांना मेहनताना देय नाही. दोन्ही भागीदारांना त्यांच्या भांडवल खात्यातील शिलकेवर द.सा.द.शे. १२ दराने सरळव्याज देय राहील. नफा अपुरा असल्यास प्रथम व्याज व नंतर मेहनताना, या क्रमाने नफ्याच्या मर्यादेत रक्कम दिली जाईल.’

या कलमातला शेवटचा क्रम मी एक नमुना म्हणून दिला आहे. धाकटीने तो उलटा मागावा, आणि माझ्या मते तिला तो मिळावा, कारण तिचे घर त्या पंधरा हजारांवर चालणार आहे. मसुद्यात कराच्या कलमाचा क्रमांक मुद्दाम घातलेला नाही. १९६१ च्या कायद्यातील कलम ४०(ब) चा उल्लेख जुन्या सगळ्या पत्रांत आढळतो, पण १ एप्रिल २०२६ पासून त्या कायद्याची जागा प्राप्तिकर अधिनियम, २०२५ घेतो आणि क्रमांक बदलतात. ‘त्या वर्षी लागू असलेला कायदा’ असे लिहिले की पत्र शिळे होत नाही. आणखी एक गोष्ट हिशेबनिसाच्या कानावर घालून ठेवावी: १ एप्रिल २०२५ पासून भागीदाराला वर्षभरात दिलेले मेहनताना, व्याज इत्यादी मिळून २० हजार रुपयांच्या वर गेले, तर फर्मने त्यातून १० टक्के टीडीएस कापावा लागतो.

उचल हा शब्द मसुद्यात अवश्य हवा. भागीदार नफ्याची वाट पाहत वर्षभर थांबत नाहीत. गल्ल्यातून थोडे थोडे उचलतात, आणि ते कोणाच्या खाती लिहायचे हे राहून जाते. दरमहा प्रत्येकीने किती उचलावे, त्याची नोंद त्याच दिवशी कशी व्हावी, आणि मिरची खरेदीच्या महिन्यांत उचल बंद राहील की निम्मी होईल, हे लिहावे.

सही कोणाची, जबाबदारी कोणाची

भागीदारीतला सर्वांत मोठा धोका पैशाच्या वाटणीत नाही, कलम १८ आणि २५ मध्ये आहे. व्यवसायाच्या कामापुरता प्रत्येक भागीदार फर्मचा अभिकर्ता, म्हणजे बोलीभाषेत मुखत्यार असतो. त्याने केलेल्या व्यवहाराने फर्म बांधली जाते, आणि फर्मच्या देण्याला प्रत्येक भागीदार एकत्रितपणे तसेच स्वतंत्रपणेही जबाबदार असतो. धाकटीने उधारीवर ६ लाखांची मिरची उचलली आणि भाव पडले, तर व्यापारी संपूर्ण ६ लाखांसाठी थोरलीच्या दारात उभा राहू शकतो. तिचा वाटा किती टक्के आहे याच्याशी त्याला कर्तव्य नाही. ज्यांना ही अमर्याद जबाबदारी झेपणार नाही, त्यांनी २००८ च्या कायद्याखालील मर्यादित दायित्व भागीदारीचा, म्हणजे एलएलपीचा, विचार आधी करावा. तिचा वार्षिक खर्च आणि कागदपत्रे जास्त असतात, पण घर वाचते.

कायद्याने काही अधिकार भागीदाराला आपोआप दिलेले नाहीत. कलम १९ प्रमाणे फर्मच्या वतीने स्वतःच्या नावे बँक खाते उघडणे, फर्मचा दावा तडजोडीने मिटवणे किंवा मागे घेणे, वाद लवादाकडे सोपवणे, स्थावर मालमत्ता घेणे किंवा विकणे ही कामे एकट्याने करता येत नाहीत. कर्ज काढणे, उधारीवर माल घेणे, नोकर ठेवणे यांबद्दल मात्र मर्यादा तुम्हीच घालायची. ‘रु. ५०,००० पेक्षा अधिक रकमेची एकावेळची खरेदी, कोणतेही कर्ज, कोणालाही जामीन आणि तीन महिन्यांपेक्षा अधिक मुदतीची उधारी यांसाठी दोन्ही भागीदारांची लेखी संमती आवश्यक राहील’ असे वाक्य पुरते. व्हॉट्सअ‍ॅपवरील संमती लेखी धरायची का, तेही त्यातच सांगून टाकावे. आजच्या काळात तो फुटकळ मुद्दा राहिलेला नाही. पण लक्षात ठेवावे की कलम २० प्रमाणे ही मर्यादा माहीत नसलेल्या त्रयस्थाला लागू होत नाही. म्हणून बँकेला संयुक्त सहीचे पत्र द्यावे आणि नेहमीच्या व्यापाऱ्यांना लेखी कळवावे.

बँक खात्याच्या कलमात हल्ली मी एक वाक्य हटकून घालतो: दुकानात, पाकिटावर किंवा प्रदर्शनातील स्टॉलवर लावलेला क्यूआर कोड फर्मच्या खात्याशीच जोडलेला असेल. सुरुवातीच्या घाईत तो एकीच्या वैयक्तिक खात्याचा लावला जातो आणि तसाच राहतो. वर्षअखेरीस विक्रीचा आकडा जुळत नाही, आणि जे केवळ आळसाने झाले त्याला अप्रामाणिकपणाचा वास येऊ लागतो.

जागा, नाव आणि मसाल्याचे प्रमाण

फर्मची मालमत्ता कोणती आणि भागीदाराची खाजगी कोणती, हे कलम १४ हेतूवर सोडते, आणि हेतू सिद्ध करणे फार कठीण. यंत्रे, वजनकाटा, फ्रिज, वाहन, कोणाचे काय ते परिशिष्टात लिहावे. सासूबाईंचा तळमजला भागीदारीत ‘आणू’ नये. स्थावर मालमत्ता भांडवल म्हणून आणली की महाराष्ट्रात तिच्या बाजारमूल्यावर खरेदीखताप्रमाणे मुद्रांक शुल्क लागते, आणि धंदा बुडाला तर घर घेणेकऱ्यांच्या हाती जाऊ शकते. शिवाय सासूबाई इथे भागीदारच नाहीत. त्यांच्याशी फर्मने वेगळा लिव्ह अँड लायसन्स करार करावा, भाडे नाममात्र असले तरी. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ प्रमाणे तो लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो.

नावाबाबत दोन प्रश्न वेगळे ठेवावेत. फर्मचे नाव एक, आणि पाकिटावरचे ब्रँडचे नाव दुसरे. ट्रेडमार्कचा अर्ज कोणाच्या नावे करायचा, आणि एखादी भागीदार बाहेर पडली तर ते नाव कोणाकडे राहील, हे लिहिले नाही तर दोन्ही दुकानांवर एकच पाटी लागते. मसाल्याच्या प्रमाणाचे कलम तर या व्यवसायाचा गाभाच आहे. धाकटीने ते फर्मला कायमचे दिले आहे, की ती भागीदार असेपर्यंत वापरू देत आहे? यापैकी दुसरा पर्याय निवडला तर थोरलीने ८ लाख कशासाठी घातले, असा प्रश्न रास्तपणे येतो. पहिला निवडला तर धाकटीला त्याचे मोल नफ्याच्या टक्केवारीत मिळाले पाहिजे. मी स्वतः पहिला पर्याय सुचवतो, मात्र नफ्यातला तिचा वाटा तिने घातलेल्या भांडवलाच्या वाट्यापेक्षा बराच जास्त ठेवून.

मत जुळले नाही तर

कलम १२ मधले बहुमत दोन भागीदारांच्या फर्ममध्ये निरुपयोगी आहे. दोघांत बहुमत होत नाही, होते ते फक्त अडून बसणे. यावर पहिला उपाय कामाची विभागणी: खरेदी, उत्पादन आणि विक्री यांबाबत मर्यादेच्या आत धाकटीचा शब्द अंतिम, हिशेब, बँक आणि करभरणा यांबाबत थोरलीचा. त्यापलीकडच्या बाबींसाठी दोघींना मान्य असलेल्या एका तिसऱ्या व्यक्तीचे नाव मसुद्यातच घालावे, जिच्याकडे पंधरा दिवसांत बोलणी व्हावीत. घरच्या भागीदारीत ही व्यक्ती घरातली नसावी. सासूबाईंना पंच करणे म्हणजे त्यांचे जेवण कडू करणे. तेथेही न सुटल्यास लवाद व समेट अधिनियम, १९९६ प्रमाणे एकच लवाद, दोघींच्या संमतीने नेमलेला, ठिकाण कोल्हापूर, भाषा मराठी, इतके कलम पुरे. लवाद नेमण्याचा अधिकार एकाच भागीदाराला देणारे कलम लिहू नये, ते न्यायालयात टिकत नाही.

काही जण ‘एकाने किंमत सांगावी आणि दुसऱ्याने त्या किमतीला घ्यायचे की द्यायचे ते ठरवावे’ असे कलम घालतात. भाऊबंदकीत एकाने वाटे पाडावेत आणि दुसऱ्याने आधी उचलावे, या रीतीसारखेच ते आहे, आणि दोघांचे खिसे सारखे असतील तर फार सुंदर चालते. इथे एकीकडे पैसा आहे आणि दुसरीकडे हात. थोरली ५ लाख किंमत सांगेल तेव्हा धाकटीला ते घेणे परवडणारच नाही. हे कलम ठेवायचेच असेल, तर पैसे उभारण्यासाठी निदान तीन ते सहा महिन्यांची मुदत आणि हप्त्यांची सोय द्यावी.

बाहेर पडणे आणि मागे राहणे

हा भाग मसुद्यात शेवटी छापला गेला तरी चर्चेत सर्वांत आधी घ्यावा. धंदा सुरू झाला नाही तोवर कोणती बाजू आपली असेल हे कोणालाच माहीत नसते, म्हणून अटी सरळ ठरतात.

निवृत्तीसाठी किती दिवसांची लेखी नोटीस, आणि ती कोणत्या महिन्यांत देता येणार नाही, हे लिहावे. मिरचीची खरेदी झाल्यावर आणि माल विकला जाण्यापूर्वी कोणी पैसे मागू लागले तर चांगला चाललेला धंदाही कोलमडतो. मग किंमत. भांडवल खात्यातील शिल्लक, त्या तारखेपर्यंतचा नफा, यंत्रांची पुस्तकी नव्हे तर चालू किंमत, उधारीतील वसूल होण्यासारखी रक्कम, आणि नावलौकिक (गुडविल). नावलौकिकाचे सूत्र सोपे ठेवावे, उदाहरणार्थ मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या दीडपट. ती किती पट असावी याचा कायदा नाही, मात्र सूत्रच नसेल तर प्रत्येक बाजू आपापला सनदी लेखापाल आणते आणि फीमध्ये नावलौकिक संपतो. रक्कम एकरकमी द्यायची की हप्त्यांनी, व्याज किती, हेही लिहावे. हिशेब मिटण्यापूर्वी उरलेल्या भागीदाराने धंदा चालू ठेवला, तर कलम ३७ बाहेर पडलेल्याला त्या काळातील नफ्याचा वाटा किंवा ६ टक्के व्याज यांतून निवड करण्याचा हक्क देते. वेगळे काही हवे असेल तर तसे स्पष्ट लिहावे लागते.

बाहेर पडलेली भागीदार समोरच्याच गल्लीत तोच मसाला विकू शकते का? कलम ३६ प्रमाणे, करार नसेल तर विकू शकते. फक्त फर्मचे नाव वापरता येत नाही आणि जुनी गिऱ्हाइके ओढता येत नाहीत. तिला रोखायचे असेल तर मुदत किंवा प्रदेश सांगून वाजवी निर्बंध घालता येतो. ‘दोन वर्षे, कोल्हापूर शहराच्या हद्दीत’ हे वाजवी वाटते. ‘कायमचे, महाराष्ट्रात कोठेही’ हे टिकणे कठीण. एखाद्या भागीदाराला काढून टाकण्याचा अधिकारही कराराने दिल्याशिवाय मिळत नाही, आणि दिला तरी कलम ३३ प्रमाणे तो सद्भावनेने वापरावा लागतो.

मृत्यूच्या कलमात मात्र सर्वांत जास्त चुका आढळतात. ‘भागीदाराच्या मृत्यूने फर्म विसर्जित होणार नाही व वारस भागीदार होतील’ असे वाक्य तीन किंवा अधिक भागीदार असतील तर उपयोगाचे आहे. दोनच भागीदार असताना एकाचा मृत्यू झाला, तर मागे एकच व्यक्ती उरते, आणि एकट्याची भागीदारी होत नाही. फर्म संपते, वारसाशी नवी भागीदारी करावी लागते, आणि वारसावर तशी सक्ती करता येत नाही. म्हणून दोघांच्या पत्रात हे कलम असे असावे की हयात भागीदाराला तीन महिन्यांच्या आत चालू व्यवसाय त्याच्या मालमत्ता व देण्यांसह ठरलेल्या सूत्राने विकत घेण्याचा पहिला हक्क राहील, वारसांना रक्कम अमुक हप्त्यांत मिळेल, आणि वारसांची इच्छा असल्यास नवी भागीदारी करता येईल. वारस अज्ञान, म्हणजे कायद्याने वयात न आलेला, असेल तर तो भागीदार होऊ शकत नाही. कलम ३० प्रमाणे सर्वांच्या संमतीने त्याला फक्त लाभात सामील करून घेता येते, आणि त्यासाठीही फर्म अस्तित्वात असावी लागते. उदाहरणातल्या जावांनी आणखी एक गोष्ट करावी: आपापल्या नवऱ्यांना हे कलम वाचायला द्यावे. ज्याच्याशी हयात भागीदाराला बोलणी करावी लागतील तो माणूस तोच आहे.

कागद पुरा करणे

आता औपचारिक भाग, जो वेळ कमी घेतो. पत्राच्या आरंभी तारीख, ठिकाण, भागीदारांची पूर्ण नावे, वय, पत्ते आणि पॅन. फर्मचे नाव, मुख्य जागा, व्यवसायाचे स्वरूप, सुरू होण्याची तारीख आणि मुदत. स्वरूप लिहिताना ‘मसाले, चटण्या, लोणची, पापड व तत्सम खाद्यपदार्थांचे उत्पादन व विक्री’ असे थोडे रुंद लिहावे, पण ‘व इतर कोणताही कायदेशीर व्यवसाय’ असे शेपूट लावू नये. ते लावले तर व्यवसायाचे स्वरूप बदलताना सर्वांची संमती लागते, हे कायद्याचे संरक्षण आपणच घालवतो. हिशेबाचे वर्ष ३१ मार्चला संपेल, ताळेबंद अमुक तारखेपर्यंत तयार होऊन दोघींच्या सहीने कायम होईल, आणि त्यानंतर ठरावीक मुदतीत हरकत न घेतल्यास तो मान्य समजला जाईल, हे लिहावे. करारनामा मराठीत लिहावा. दोघींना समजेल अशा भाषेत लिहिलेल्या कलमाचा अर्थ नंतर कोणाला विचारावा लागत नाही.

शंभराच्या स्टॅम्पपेपरवर भागीदारी पत्र करण्याची जुनी सवय सोडावी. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियम, १९५८ च्या अनुसूची १ मधील अनुच्छेद ४७ प्रमाणे शुल्क भांडवलाच्या रकमेवर ठरते, म्हणून सह्या करण्यापूर्वी चालू दर पाहून, तेवढे शुल्क भरून, मगच सह्या कराव्यात. कमी मुद्रांकाचे पत्र, फरक आणि दंड भरेपर्यंत, पुराव्यात वाचले जात नाही, आणि पुराव्याची गरज पडते ती नेमकी भांडणात. प्रत्येक पानावर दोघींच्या सह्या, शेवटी दोन साक्षीदार, खाडाखोड असल्यास तिच्याशेजारी सह्या. मूळ प्रत कोणाकडे, हे पत्रातच लिहावे, आणि दुसरीकडे प्रमाणित प्रत ठेवावी.

नोंदणीबद्दल घोळ फार आहे. शॉप अ‍ॅक्टचा गुमास्ता, उद्यम प्रमाणपत्र, जीएसटी क्रमांक, अन्न परवाना आणि नोटरीचा शिक्का यांपैकी एकही म्हणजे फर्मची नोंदणी नव्हे. ती भागीदारी संस्था निबंधकाकडे, कलम ५८ प्रमाणे, नमुना अ मध्ये अर्ज करून होते. ती सक्तीची नाही, पण कलम ६९ तिच्या अभावाची किंमत वसूल करते. नोंदणी नसलेली फर्म करारातून आलेल्या हक्कासाठी त्रयस्थावर दावा करू शकत नाही, म्हणजे एखाद्या दुकानदाराने दोन लाखांची उधारी बुडवली तर हात चोळत बसायचे, आणि त्या दुकानदाराने मात्र फर्मवर दावा करायला आडकाठी नाही. भागीदारालाही करारातील हक्कासाठी फर्मवर किंवा सहभागीदारावर दावा करता येत नाही. अपवाद विसर्जन आणि त्यानंतरच्या हिशेबाचा. महाराष्ट्राने १९८४ च्या दुरुस्तीने हा अपवादही आवळला होता. ती तरतूद सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये घटनाबाह्य ठरवली. दावा दाखल केल्यानंतर नोंदणी करून काम भागत नाही, म्हणून पत्र झाल्यावर पहिल्याच महिन्यात अर्ज करून टाकावा. अर्जावर सर्व भागीदारांच्या सह्या लागतात, आणि फर्मचे नाव, जागा व भागीदारांचे तपशील पत्रातल्याप्रमाणे अक्षरशः जुळावे लागतात. आधारवर ‘सौ.’ नसते आणि पत्रात असते, एवढ्यावरूनही अर्ज परत येतो.

पुढे नफ्याचे प्रमाण, भांडवल किंवा मेहनताना बदलला, तर पुरवणी पत्र योग्य मुद्रांकावर करावे आणि बदल कोणत्या तारखेपासून ते त्यात लिहावे. मागील तारखेपासून पगार वाढवून कर वाचवण्याचा मोह टाळावा. जागा बदलली, भागीदार आला किंवा गेला, तर निबंधकाला कळवावे. भागीदार निवृत्त झाल्यास कलम ७२ च्या रीतीने जाहीर सूचनाही द्यावी, म्हणजे निबंधकाला कळवण्याबरोबरच शासकीय राजपत्रात आणि जिल्ह्यात खपणाऱ्या किमान एका स्थानिक भाषेतील वर्तमानपत्रात. ही सूचना निघेपर्यंत बाहेर पडलेली भागीदार, ती फर्ममध्ये आहे असे समजून व्यवहार करणाऱ्यांना, पूर्वीसारखीच जबाबदार राहू शकते. वर्तमानपत्राचे ते कात्रण मूळ भागीदारी पत्राच्या फाइलमध्येच लावून ठेवावे.